येसबा मेस्त्रींची पारख

बंदुका दुरुस्त करणारा म्हणून ज्याची पंचक्रोशीत ख्याती होती, त्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत चार वर्षांत एकही बंदूक दुरुस्त केली नाही, असं सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण येसबा मेस्त्रींचं तसंच होतं. दर रविवारी सकाळी पिंपरी गावातल्या त्यांच्या खोलीसमोर कुणी ना कुणी धोतरात नाहीतर घोंगडीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी घेऊन बसलेला असायचा. मेस्त्री हात धुऊन बाहेर यायचे, गुंडाळी सोडायचे, चांगला अर्धा तास ती बंदूक न्याहाळायचे आणि पुन्हा तशीच हळुवार गुंडाळून त्याच्या मांडीवर ठेवायचे. "न्या घरी. काय करू नका." आलेला माणूस आधी खुळ्यासारखा बघायचा, मग चिडायचा. रहाटणीहून, मोशीहून पायपीट करत आलेल्या माणसाला 'काही करू नका' हा सल्ला पचणार तरी कसा? काहीजण जाताना चार शब्द सुनावून जात. मेस्त्री ते ऐकून घेत आणि आत जाऊन चहा टाकायला सांगत.

आमची ओळख कारखान्यातली. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने नुकते उभे राहू लागले होते. एका बाजूला फाळणीत आलेल्या निर्वासितांची छावणी, दुसऱ्या बाजूला ज्वारीची शेतं आणि मधे आमचा यंत्रांचे सुटे भाग करणारा छोटासा कारखाना. मी स्टोअरमध्ये कारकून, ते टूलरूममध्ये मेस्त्री. मूळचे कृष्णाकाठच्या एका लहान संस्थानातले. तिथल्या शिलेखान्यात, म्हणजे राजेसाहेबांच्या हत्यारांच्या कोठारात, आजा, बाप आणि ते स्वतः अशा तीन पिढ्या कारागीर. संस्थान विलीन झालं, शिलेखाना गेला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर हा माणूस भोंग्याच्या नोकरीत आला. 'शिलेखाना गेला' एवढंच ते सांगत. त्यात काय काय दडलेलं आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

उंच, किंचित वाकलेले, कपाळावर आडवी शीर आणि उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम राखलेलं. त्या नखाने ते लोखंडावरचा केसाएवढा चढउतार ओळखत. जाडी मोजायचा मायक्रोमीटर रोज सकाळी माझ्याकडून सही करून नेत आणि संध्याकाळी डबी न उघडता परत आणून देत. मी एकदा म्हटलं, "मेस्त्री, उघडायचीच नाही तर नेता कशाला?" तर म्हणाले, "फोरमनसाहेबास्नी टेबलावर दिसाय पायजे, भाऊसाहेब. न्हाईतर त्येंचा माझ्यावर इस्वास बसत न्हाई." मला ते पहिल्या दिवसापासून भाऊसाहेब म्हणत. वयाने मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण खुर्चीवर बसणारा तो साहेब, असा त्यांचा साधा हिशेब होता.

टूलरूममध्ये ते करत ते काम आरशासारखं लखलखीत. घरी मात्र सगळंच उलटं. त्यांच्या खोलीतली तांब्याची घागर काळी कुळकुळीत, समई काळी, देवघरातली घंटासुद्धा काळी. त्यांची बायको गोदाबाई बिचारी कावून जाई. "शेजारणी म्हणत्यात, हिला चिंच म्हाग झालीया!" असं ती मलाच ऐकवायची. एका दिवाळीत तिने न राहवून घागर चिंचेने घासली. मेस्त्रींनी ती लखलखती घागर पाहिली, चपला घातल्या आणि बाहेर पडले ते दिवेलागणीलाच परतले. घागरीवरून माणूस घर सोडून जातो म्हणजे याच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे, असं माझं तेव्हाचं स्पष्ट मत होतं आणि ते मी माझ्या बायकोला बोलूनही दाखवलं होतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी जुनी वस्तू पुढे केली की म्हणायचे, "आदी बगा, मग परत बगा, आन् मग हात मागं घ्या." आणि दुसरं असं की, "जुन्याचं नवं कुणीबी करंल. नव्याचं जुनं करून दावा, मग म्या तुमचा चेला." मी सुरुवातीला हे बोलणं हसण्यावारी नेत असे. रविवारी वेळ जात नाही म्हणून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलो आणि हळूहळू माझीही नजर थोडी तयार झाली.

चाकणचा एक कांद्याचा आडत्या एकदा घोडागाडी करून आला. गळ्यात सोन्याची साखळी, बरोबर एक गडी आणि गड्याच्या खांद्यावर चांदीचे पट्टे ठोकलेली बंदूक. आडत्याचं म्हणणं होतं की ही त्याच्या पणजोबाला लढाईत मिळाली, आणि आता मुंबईचा कुणी शौकीन ती मागतो आहे, तर मेस्त्रींनी तिची किंमत सांगावी. मेस्त्रींनी हात धुतले. बंदूक उलटीपालटी केली, नळीच्या तोंडाशी नख फिरवलं आणि विचारलं, "शेट, हिची नळी कुणी कापली?"

आडत्या मोठ्या कौतुकाने म्हणाला, "आम्हीच की! गादीच्या वर दोन खिडक्यांच्या मधी लावायची होती. वीतभर जास्त होत होती. लोहारानं झकास कापून दिली."

"मग भित्त का न्हाई तोडली?"

ओट्यावर बसलेले आम्ही सगळे खो खो हसलो. आडत्याही कसनुसा हसला. मेस्त्री मात्र हसत नव्हते. त्यांनी त्याला शांतपणे सगळं समजावून सांगितलं: नळी एका बंदुकीची आहे, लाकडी दस्ता दुसरीचा, चाप तिसरीचा, आणि चांदीचे पट्टे तर परवाचे आहेत. नळी तेवढी खरी जुनी होती, तिलाच नेमकी करवत लागली. "आता हिची काय ती किंमत तुमच्या भित्तीला," ते म्हणाले. आडत्या तणतणत गाडीत बसला. तो गेल्यावर मेस्त्रींनी पुन्हा हात धुतले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हातारा माणूस हाडं आखूड करून पाळण्यात निजवावा, तसं केलं बगा ह्येंनी."

मोशीची बंदूक आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. इंद्रायणीच्या काठाला तुकानाना म्हणून एक शेतकरी होते. घरचं बरं, माणूस सरळ. त्यांचा मुलगा दत्तू छावणीजवळच्या एका छोट्या कारखान्यात सायकलच्या हँडलांना निकेल चढवण्याच्या कामावर होता. येताजाता त्याने मेस्त्रींचं नाव ऐकलेलं. बापलेक दोघे मिळून बंदूक घेऊन आले. तोड्याची बंदूक, म्हणजे चाप ओढला की पेटलेली वात खाली येऊन दारूला बत्ती लावते, ती जुन्या काळची. भुईमुगात रानडुकरं उतरत होती. तोड्याच्या जागी टोपीचा घोडा, म्हणजे वातीशिवाय बार पेटवणारा, बसवून दिला तर बार पटकन काढता येईल, आणि परवाना आहेच, असं नानांचं म्हणणं होतं.

मेस्त्रींनी गुंडाळी सोडली आणि त्यांचे हात थांबले. इतक्या वर्षांनी आता सांगताना मला ते नीट सांगता येत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं काही आधी पाहिलं नव्हतं. पुरुषभर उंचीची नळी, गडद तपकिरी. बुडाशी सोन्याच्या तारेची बारीक वेल आणि तिच्याखाली चार-पाच अक्षरं, अर्धी दिसणारी, अर्धी त्या तपकिरी थराखाली. मेस्त्रींनी ती अक्षरं डोळे मिटून अंगठ्याने चाचपली. दस्ता तोच, चाप तोच, वात धरणारी चिमटी तीच, नळीखालचा दारू ठासायचा गजसुद्धा तोच. "हिला कुणी हात लावलेला न्हाई," ते म्हणाले. "जलमापासून हाय तशी हाय."

"मग टोपी कधी बसवताय, मेस्तरी?" नानांनी विचारलं.

"न्हाई बसवायची. नाना, तुमच्या पाया पडतो, हिला काय करू नका."

आणि हा माणूस खरंच पाया पडायला वाकला. नाना गडबडून उठून उभे राहिले. "आवं, काय करताय! ऱ्हाऊ द्या, न्हाई बसवत. पन मग डुकरांचं काय करायचं आमी?"

पुढच्या रविवारी मेस्त्री डुकरांना हुसकायला वाजवायचा पत्र्याचा एक दांडगा टाळा खांद्यावर घेऊन मोशीला चालत गेले. कारखान्यातल्या भंगारातून, फोरमनची परवानगी काढून त्यांनी तो केला होता. शेतातल्या माळ्यावरून दोरी ओढली की असा काही आवाज व्हायचा की म्हणे आळंदीच्या बाजूची कुत्रीसुद्धा भुंकायला लागत. डुकरं खरोखरच येईनाशी झाली. तेव्हापासून मेस्त्री मोशीच्या त्या घरातले झाले. महिन्यातून एकदा जायचे, बंदूक पाहायचे, मऊ फडक्याने धूळ तेवढी टिपायचे. खंडेनवमीला गावोगाव हत्यारं राख-लिंबाने घासून पुजतात. नानांच्या घरी मेस्त्रींनी ते बंद केलं. कुंकूसुद्धा बंदुकीला नाही, तिच्याखालच्या पाटाला. नानांची म्हातारी आई रागावली, "देवाला कुक्कू लावायचं न्हाई, ह्ये कुठलं शास्त्र?" तेव्हा मेस्त्री म्हणाले, "आजी, फूल वाहा. फुलानं काय जात न्हाई."

पण का नाही, हे ते कधी कुणाला सांगत नसत. कुणी फार खोदून विचारलं तर 'खराब हुतीया' एवढंच.

मला ते कळलं ते एका पत्रामुळे. ही बंदूक कुणा जाणत्या माणसाने पाहावी, तिच्यावरची अक्षरं वाचावीत, तिची कुठेतरी नोंद व्हावी, असं मेस्त्रींच्या मनाने घेतलं. पुण्यातल्या एका संग्रहालयाला पत्र लिहायचं ठरलं. लिहिणारा अर्थात मी. श्रावणातल्या एका रविवारी दुपारी आम्ही बसलो. बंदुकीचं वर्णन त्यांनी इतकं नेमकं सांगितलं की मला एक शब्द घालावा लागला नाही. शेवटी मी म्हटलं, "आता तुमच्याविषयी दोन ओळी हव्यात. अमुक संस्थानच्या शिलेखान्यात इतकी वर्षं कारागीर होतो, असं लिहितो. म्हणजे तुमच्या शब्दाला वजन येईल."

"नगं," मेस्त्री म्हणाले. "शिलेखान्याचं नाव घालू नका. त्यो म्याच घालवला."

मग त्यांनी सांगितलं. संस्थान विलीन झाल्यावर शिलेखान्याचं काय करायचं ते ठरवायला सरकारकडून एक जाणकार अधिकारी यायचा होता. त्याने शेरा दिला असता तर सगळी हत्यारं गावातच एका दालनात कायमची राहिली असती, आणि मेस्त्री त्यांचे राखणदार. गावाच्या आणि त्यांच्याही दृष्टीने सगळं त्या एका भेटीवर होतं. मेस्त्रींनी विचार केला: पाहुणा पोरगी बघायला येणार, आणि पोरगी अशी मळकट? चाळीस दिवस ते आणि हाताखालचे तीन जण राबले. शेदोनशे बंदुका काचकागदाने घासून चांदीसारख्या केल्या. तडे गेलेले जुने दस्ते काढून शिसवीचे नवे बसवले, वर रोगण. हिचा चाप तिला, तिचा गज हिला, असं करून रांग एकसारखी केली. कुठे अक्षरं होती ती घासण्यात गेली. "तवा वाटलं, अक्षरं काय, पुसट तर झालीती."

अधिकारी आला. दोन रांगा पाहिल्या, तिसरीशी थांबला. वही उघडलीच नाही. "माणूस चांगला हुता, भाऊसाहेब. वरडला न्हाई. माझ्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणाला, मेस्त्री, काम फार सुरेख केलंत, पण मला बघण्यासारखं यात काही ठेवलं नाहीत." हत्यारं भंगारात काढायचा हुकूम झाला. भंगारात जाण्याआधी नळ्या कापून निकामी करायच्या होत्या. ते काम करणारा कारागीर गावात एकच होता.

"त्यो गंज न्हवता," मेस्त्री म्हणाले. "त्येंचं वय हुतं. म्या वय घासून टाकलं. दोनशे वर्सं कुणी एक एक दिवस करून साठवलेलं, म्या चाळीस दिवसांत फुंकलं." आणि तो एवढा बाप्या माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. गोदाबाई आतून आली, पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला आणि परत गेली. तिला सगळं ठाऊक होतं. तिची काळी घागर मला त्या दिवशी पहिल्यांदा समजली आणि माझी मला लाज वाटली.

मी म्हटलं, "मेस्त्री, हे तुम्ही तुकानानांना सांगा. दत्तूला सांगा. 'हात लावू नका' म्हणता, त्याचं कारण त्यांना कळू दे."

ते एकदम घाबरले. "न्हाई न्हाई. ज्यानं आख्खा शिलेखाना घालवला त्येच्या हातात कोण बंदूक देईल? मोशीचं दार बंद हुईल मला. तुमाला शपथ हाय." मी शपथ घेतली. माझ्या आयुष्यात मी पाळलेल्या शपथा फार नाहीत. ही पाळली, आणि तीच पाळायला नको होती.

संग्रहालयाचं उत्तर आलं. वर्णनावरून बंदूक महत्त्वाची दिसते, दसरा झाला की त्यांचा माणूस स्वतः मोशीला येऊन पाहील, असं होतं. मेस्त्रींनी ते पत्र माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. मोशीला निरोप गेला, तिथेही आनंदीआनंद. मेस्त्री कारखान्यात कधी नव्हे ते शीळ घालू लागले. मी त्यांना चिडवलं, "काय मेस्त्री, मुलगी खपली वाटतं!" तर लाजून हसले.

भाद्रपदात ते आजारी पडले. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी दोनदा काढलं, पुन्हा भरलं. महिन्याभरात माणूस निम्मा झाला. त्यांना एकच घोर: दसऱ्यापर्यंत निभावलं पाहिजे. "बैलगाडीत घालून न्या मला मोशीला. त्यो साहेब अक्षरं वाचंल तवा म्या तिथं पायजे. एवढी एक जरी ऱ्हायली ना, भाऊसाहेब, तर वर गेल्यावर आज्याला तोंड दावता यील." पत्र त्यांच्या उशाखाली असे.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी प्रसादाची पुडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. गोदाबाई पेज भरवत होती. थोड्या वेळाने दारात सायकल थांबली आणि दत्तू आत आला. सव्वीस वर्षांचा, लग्नाला दोन वर्षं झालेला, अंगाने भरलेला तरणा गडी, पण चेहरा लहान पोरासारखा फुललेला. हातात नव्या पांढऱ्या धोतराची लांब गुंडाळी.

"मेस्तरी, तुमी आजारी, मंग म्हनलं पाव्हना यायच्या आधी बंदुकीकडं कोन बगनार? आमीच केलं समदं," असं म्हणत त्याने गुंडाळी सोडली.

खोलीत खिडकीतून ऊन येत होतं. ती बंदूक त्या उन्हात अशी चकाकली की माझे डोळे दिपले. नळी बुडापासून तोंडापर्यंत निकेलची, गुळगुळीत. वेल नव्हती. अक्षरं नव्हती. दस्त्याला तेलपाणी करून लाल रोगण दिलेलं.

दत्तू भरभरून सांगत होता. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्याने हे काम केलं होतं. आधी तेजाबात घालून सगळा गंज काढला, मग चकाकी आणणाऱ्या बफच्या चाकावर धरली, मग दोनदा निकेल चढवलं. "नाना म्हनत हुते, मेस्तरींनी न्हाई म्हनलंय. म्या म्हनलं, ते राख-लिंबानं खराब हुतीया म्हनून न्हाई म्हनत्यात. ह्ये तर कारखान्याचं काम हाय! आता पन्नास वर्सं काय हुत न्हाई तिला. मालकानं पन निकेलचं काय घेतलं न्हाई, म्हनला देवाची वस्तू हाय." आणि मग त्याने ती बंदूक दोन्ही हातांवर धरून मेस्त्रींच्या पुढे केली. "आता किंमत वाढली का न्हाई, मेस्तरी?"

गोदाबाईच्या हातातला चमचा वाटीत पडला. मी मेस्त्रींकडे पाहू शकलो नाही. माझ्या मनात आलं, आता हा माणूस किंचाळेल, नाहीतर इथेच जाईल. सांगतो ते खरं सांगतो, मला त्या दत्तूच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि त्याहून जास्त माझ्या स्वतःच्या.

मेस्त्रींनी हात पुढे केले. बंदूक घेतली. बुडाशी अंगठा नेला आणि तिथे तो हळूहळू फिरवला. दोनदा, तीनदा. मग मान वर केली.

"वाढली," ते म्हणाले. "लई वाढली, बाळा."

"खरं?"

"खरं की. बफ कुणी धरला?"

"म्याच."

"हात चांगला हाय तुझा. कुटं लाट न्हाई आली. आसंच काम कर."

दत्तूचे डोळे भरून आले. त्याने मेस्त्रींच्या पायांवर डोकं ठेवलं. मेस्त्रींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो बंदूक गुंडाळून, सायकलच्या दांडीला बांधून, घंटी वाजवत गेला. उद्या दसरा, घरी पूजेची घाई होती.

तो गेल्यावर माझा तोल गेला. आजारी माणसाशी बोलू नये अशा आवाजात मी म्हणालो, "खोटं का बोललात? जन्मभर ज्याला त्याला तोंडावर सांगितलंत, आणि आजच खोटं?"

मेस्त्रींना धाप लागली होती. थांबत थांबत ते बोलले. "भाऊसाहेब, आठ वर्सं झाली. एक घास मला ग्वाड लागलेला न्हाई. हिला इचारा." गोदाबाई पदर तोंडात धरून उभी होती. "त्या पोरानं माझ्यासाटनं केलं. खरं सांगितलं तर ते बी तसंच बसंल, भित्तीकडं बगत. त्येला अजून किती वर्सं जेवायचंय."

मी त्यांच्या पाठीशी उशी नीट लावली.

जरा वेळाने त्यांच्याच ध्यानात आलं. "त्यो पुण्याचा साहेब यील. आन् बंदूक बगून खरं काय ते बोलंल. त्येला येऊ देऊ नका. कागद घ्या."

मी कागद घेतला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मोशीच्या बंदुकीविषयी पूर्वी जे कळवलं ते चुकीचं आहे. ती बंदूक जुनी नाही. "अहो, जुनी आहे ती!" मी मधेच म्हणालो. "हुती," ते म्हणाले, "लिवा पुढं." आपण येण्याची तसदी घेऊ नये. मला या विषयातलं ज्ञान नाही. तीन पिढ्यांच्या कारागिराने मला हे लिहायला लावलं, आणि मी ते माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं.

मेस्त्री पंधरा दिवसांनी गेले. दिवाळी पाहिली नाही त्यांनी. संग्रहालयाचं कार्ड आलं ते त्यांच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी: पुरेशी माहिती नसताना अशी पत्रं पाठवून इतरांचा वेळ घेऊ नये. मी ते गोदाबाईंना दाखवलं नाही. दत्तूने एकदा विचारलं की पुण्याचा पाहुणा का आला नाही. मी म्हटलं, त्याची बदली झाली. दत्तूचा पुढे चांगला जम बसला, स्वतःचं निकेलचं दुकान झालं, नातवंडं झाली. दर दसऱ्याला तो ती बंदूक पाटावर मांडी, आल्यागेल्याला दाखवी आणि सांगे, "येसबा मेस्तरींनी सोता हातात घेऊन सांगितलं हुतं, किंमत वाढली म्हनून. लई मोठा पारखी मानूस." मी दरवर्षी जात असे, सोनं देत असे आणि मान डोलवत असे. गेल्या वर्षी दत्तू गेला. सुखाने जेवूनखाऊन गेला. म्हणून आज हे लिहितो आहे.

येसबा मेस्त्री मला दिसतात ते त्याच दुपारी, उशीला टेकून बसलेले. पत्र लिहून झालं होतं. "वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. लिहिताना माझ्याने राहवलं नव्हतं. एका ठिकाणी मी माझ्या पदरचा एक शब्द घालून ठेवला होता. 'कदाचित माझी पारख चुकली असावी.' तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कदाचित कशाला घातलंय? त्येनं त्यो साहेब यील की, खात्री करायला. काढा त्ये."

मी तो शब्द खोडला. पुढचं 'असावी'ही खोडून 'आहे' केलं. त्यांनी कागद मांडीवर घेतला, टाक हातात धरला, आणि धाप लागत होती तरी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.